१८ व्या शतकातल्या इटालियन शाई-वॉश चित्राची नक्कल : शाई फुटते, कडा पडतात, बाळं पहिलवान दिसतात

रेषा_दर्यापूर

नमस्कार मंडळी. आठवी-नववीच्या मुलांकडून १८ व्या शतकातल्या एका इटालियन रेखाटनाची नक्कल करून घ्यायची आहे. एका संग्रहालयाने सर्वांना वापरायला खुलं ठेवलेलं चित्र आहे. ढगांवर पाच पंखवाली बाळं. दोघांची फुलमाळेवरून ओढाताण चालली आहे, एक डोकं खाली पाय वर असा ढगावरून घसरतो आहे, मागचे दोघे नुसते पाच-सहा रेघांत. नोंदीत कलावंताचं नाव नाही. फक्त 'पेन, तपकिरी शाई, तपकिरी वॉश (म्हणजे पातळ शाईचा ब्रशने दिलेला हात), खाली काळा खडू' एवढंच.

सध्याचं सामान : २०० जीएसएमचा ड्रॉइंग पेपर, टाक, बाटलीतली वॉटरप्रूफ काळी शाई (थोडा तपकिरी जलरंग मिसळून), ६ आणि १० नंबरचे गोल ब्रश. पाणी शाळेच्या बोअरचं.

अडचणी अशा. पातळ केलेली शाई वाटीतच दह्यासारखी फुटते आणि कागदावर बारीक काळे दाणे बसतात. सावलीचा हात पुरा होण्याआधीच मध्ये वाळतो, कड उमटते, ती झाकायला गेलं की गिचमिड होते. आणि बाळं काही केल्या बाळं दिसत नाहीत, लहान मापाचे पहिलवान दिसतात.

मूळ शाई कोणती असेल? ती गावात मिळणाऱ्या वस्तूंतून करता येईल का? मुलं २४ आहेत, शाळा सकाळची, तासिका ३५ मिनिटांची.

टाक_आणि_दौत

सर, दाण्यांचं आधी सांगतो, कारण ते शाईचं दुखणं नाही, पाण्याचं आहे. दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातलं भूजल खारं, त्यात क्षार भरपूर. वॉटरप्रूफ काळ्या शाईत काजळीचे अतिसूक्ष्म कण लाखेच्या किंवा तशाच चिकट द्रावणात तरंगत असतात आणि एकमेकांना दूर ठेवतात. खारं पाणी पडलं की ती ताकद मोडते, कण एकमेकांना चिकटतात, गुठळी होते. दूध नासते तसंच.

खात्री करून घ्या. दोन वाट्या, प्रत्येकी २० मिली पाणी, एकात बोअरचं, दुसऱ्यात गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं (डिस्टिल्ड) पाणी. दोन्हींत शाईचे पाच-पाच थेंब टाकून दहा मिनिटं थांबा. बॅटरीच्या पाण्यातली शाई एकसारखी राहील. मुलांसाठी आरओ कॅनचं पाणी चालते. एका मुलाला शाई पातळ करायला ५० मिली पुरते, म्हणजे वर्गाला सव्वा लिटर. ब्रश धुवायलाही तेच पाणी घ्या. बोअरच्या पाण्यात धुतलेला ब्रश क्षार घेऊन वाटीत परत येतो आणि दोन फेऱ्यांत वाटी फुटते. इथे काटकसर केली तर बाकीची मेहनत वाया जाते.

आता चित्राबद्दल. या पंखवाल्या बाळांना इटालियनमध्ये पुत्तो म्हणतात, अनेकवचन पुत्ती. लॅटिनमधल्या 'पुतुस' म्हणजे मुलगा या शब्दावरून आलेलं नाव, आणि आपल्या 'पुत्र'शी त्याचं नातं आहे. इंग्रजीत सरसकट चेरब म्हणतात, पण बायबलमधले चेरुबीम वेगळे. यहेज्केलच्या ग्रंथात त्यांना चार तोंडं आणि चार पंख आहेत. ही खेळकर बाळं जुन्या रोमन कामदेवांच्या वंशातली. १५ व्या शतकात फ्लोरेन्समध्ये दोनातेल्लोने त्यांना शिल्पात पुन्हा नाचवलं, तिथून ती छतांवर, वेदींवर, ढगांवर पसरली.

१८ व्या शतकात पेन आणि वॉशमध्ये हा विषय सगळ्यात मोकळेपणाने हाताळला व्हेनिसच्या तिएपोलो बापलेकांनी. जोव्हान्नी बात्तिस्ता (१६९६–१७७०) आणि त्याचा मुलगा दोमेनिको (१७२७–१८०४). दोमेनिकोने ढगांतल्या पुत्तींवर एकामागून एक कितीतरी कागद केले, एकाच कल्पनेचे नवे नवे फेरफार. तुमचं चित्र त्यांचं आहे असं मी म्हणत नाही. पण पद्धत शिकायची तर त्यांच्याकडून शिका.

पद्धत अशी. आधी काळ्या खडूने अगदी हलकी जुळवाजुळव, नुसते गोल आणि लांबट आकार. त्यावर पेनाची रेघ, पण ती खडू गिरवत नाही. मूळ चित्र मोठं करून पाहा. खडूची रेघ एकीकडे आणि शाईची दुसरीकडे गेलेली बऱ्याच ठिकाणी दिसेल. शेवटी वॉश. वॉशनंतर पुन्हा पेनाचे चार गडद ठोके : डोळ्याची खाच, बोटांमधली फट, काखेतली सावली. क्रम ओळखायची खूण सोपी आहे. वॉश लागून रेघ थोडी विरघळलेली दिसली तर ती आधीची, वॉशवर रेघ धारदार बसलेली दिसली तर नंतरची.

वॉशच्या छटा तीनच ठेवा. फिकी : १ भाग शाई, १२ भाग पाणी. मधली : १ ला ५. गडद : १ ला २. कागदाच्या तुकड्यावर लावून वाळवून बघा, कारण वाळल्यावर छटा उतरते. उजेडाच्या जागी काहीच लावायचं नाही. पोटाचा फुगवटा, गाल, मांडीचा वरचा भाग हा कोरा कागद असतो. मुलांना कागद रिकामा ठेवायची भीती वाटते, म्हणून सगळीकडे फिका हात फिरवून टाकतात आणि चित्र तिथेच विझते. सुरुवातीलाच उजेड कोणत्या बाजूने येतो ते ठरवा आणि कोऱ्या ठेवायच्या जागांवर खडूने बारीक टिंब करायला लावा.

कडा पडतात त्याचं कारण ऊन. एप्रिलमध्ये आपल्याकडे ओला काठ बघता बघता वाळते. उपाय तीन. ब्रश मोठा घ्या, ६ नंबर बाजूला ठेवा. १० किंवा १२ नंबरचा ब्रश एका भरणीत पूर्ण मांडीची सावली करतो, मध्ये बुडवायला थांबावं लागत नाही. पाट मागून दोन-तीन इंच उचलून तिरपा ठेवा, म्हणजे खालच्या काठाला शाईचा मणी तयार होतो. तो मणी ओढत खाली न्यायचा आणि शेवटी निथळलेल्या ब्रशने टिपून घ्यायचा. आणि लावलेल्या हाताला वाळेपर्यंत शिवायचं नाही. अर्धवट वाळलेल्या जागी पाणीदार ब्रश लागला की कोबीच्या पानासारखा डाग फुटतो, तो निघत नाही. कूलर चालू असेल तर खोलीतला दमटपणा कामाचाच आहे, फक्त त्याचं तोंड कागदाकडे नको. पंखा बंद.

पऱ्हाटी

सर, सामानाचं मी सांगतो. निम्मं तं तुमच्या गावातच हाय.

काळा खडू पायजे तं तुराटीचा कोळसा करा. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सरळ तुराट्या घ्या, साल काढा, डब्याच्या मापाच्या तोडा. झाकणाच्या टिनाच्या डब्यात दाटीनं उभ्या भरा, झाकणाले खिळ्यानं एक छिद्र पाडा, डबा निखाऱ्यात ठेवा. छिद्रातून आधी पांढरा धूर येते. तो पुरा थांबला की डबा बाहेर काढा. लहान डब्याले अर्धा-पाऊण तास लागते. मंग डबा थंड होईस्तोवर झाकण उघडायचं नाही. गरम असताना उघडलं की हवा लागते, कांड्या आतल्या आत पेटते अन् हातात राख येते. कांडी मधातून तपकिरी निघाली तं कच्ची हाय, कागद खरडते. पेन मारायच्या आधी सुती फडक्यानं कोळसा झटकून टाका. पुसटशी खूण राहिली तरी पुरे. जास्त राहिला तं वॉश मळकट होते.

पेनासाठी बोरू करा. नाल्याच्या काठचा वाळलेला बोरू, बोटभर जाड नाही, करंगळीहून बारीक. टोक तिरपं कापा, मधात अर्धा इंच चीर द्या, टोकाची रुंदी एक मिलीमीटरच्या आसपास ठेवा. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. मूळ चित्र हंसाच्या नाहीतर बदकाच्या जातीतल्या पक्ष्याच्या पिसाच्या कलमानं काढलेलं राहते. पीस लवचिक, दाबलं की रेघ जाड अन् सोडलं की बारीक. बोरू दाबल्यानं फाकत नाही, त्याची रेघ बोथट अन् एकसारखी, शाई संपत आली की खरखरीत होते. मणगट-बोटाच्या बारीक वळणाले तुमचा टाकच बरा, लवचिक निब लावून. ढगाले अन् पंखाले बोरू.

आता शाई. १८ व्या शतकात तपकिरी वॉशले 'बिस्त्र' खूप वापरत. लाकडाच्या धुराची काजळी, तिकडं बीच नावाच्या झाडाची, पाण्यात उकळून गाळलेली. आपल्याकडं चुलीच्या वर आढ्याले जो डांबरासारखा चकचकीत तपकिरी-काळा थर बसते, तोच खरवडून घ्यायचा. दिव्याची मऊ काळी काजळी नाही चालत. ते निव्वळ कार्बन, पाण्यात उतरत नाही. चकचकीत थरात लाकडाचं डांबर असते, रंग त्याचाच.

माप : २० ग्रॅम थर खलबत्त्यात बारीक करा, २०० मिली आरओच्या पाण्यात मंद आंचेवर अर्धा तास उकळा, रातभर निवू द्या. वरचं पाणी जुन्या धोतराच्या कापडाच्या चार पदरांतून दोनदा गाळा. मंग आटवून ८०-१०० मिलीवर आणा. त्यात ५ ग्रॅम बाभळीचा डिंक, आधी कोमट पाण्यात भिजवून गाळलेला. डिंक जास्त झाला तं वाळल्यावर चकाकते अन् चिरते, कमी झाला तं बोट लावलं की रंग निघते. हा रंग कितीही आटवला तरी पुरा काळा होत नाही, पण वॉश पारदर्शक अन् उबदार पडते. उकळणं बाहेर अंगणातच करा, वास डोक्यात जाते.

अन् पेनाच्या रेघेसाठी हिरड्याची शाई. मेळघाटातला हिरडा अमरावतीच्या बाजारात मिळते, हिराकस (लोहाचा हिरवट क्षार, फेरस सल्फेट) वैद्याच्या सामानाच्या दुकानात. वॉशलेही चालन.

कागद_जतन

वरचं सगळं पटलं, शेवटचं वाक्य सोडून. पऱ्हाटीभाऊ, हिरडा-हिराकसाची शाई रेघेला उत्तम, पण वॉशसाठी मुलांच्या हातात देऊ नका. दोन कारणं.

पहिलं कारण छटेचं. ही शाई लोह आणि टॅनिन यांच्या संयोगाने रंगते आणि कागदावर हवा लागल्यावर गडद होत जाते. लावताना फिकी राखाडी दिसते, मूल म्हणते अजून एक हात देऊ. दुसऱ्या दिवशी तीच सावली काळी पडलेली असते. तीन छटांचा हिशोब राहत नाही.

दुसरं कारण कागदाचं. हिराकस जास्त झाला की आम्ल आणि सुटं लोह मिळून कागदाचे तंतू खातात. इटलीतल्या कितीतरी जुन्या चित्रांत जिथे शाई दाट साचली तिथे कागदाला अक्षरशः भोकं पडली आहेत. रेघेत शाई थोडी असते, वॉशमध्ये पूर्ण भाग भिजतो.

रेघेसाठी करायची तर प्रमाण असं ठेवा : बी काढलेला हिरडा ६० ग्रॅम जाडसर कुटून, ६०० मिली पाण्यात उकळून ३०० मिलीवर आणा, गाळा, गार झाल्यावर हिराकस १२ ग्रॅम, डिंक १० ग्रॅम. हिराकस हिरड्याच्या पाचव्या भागापेक्षा वाढवू नका. लवकर काळं व्हावं म्हणून लोक दुप्पट टाकतात आणि वीस-तीस वर्षांनी कागद तडकतो. हिराकस हिरवट आणि स्वच्छ असावा. पिवळी-तांबूस भुकटी झालेला असेल तर तो जुना, त्यातून गाळ पडतो. पाणी अर्थातच खारं नको. स्टीलची निब या शाईत गंजते, प्रत्येक तासिकेनंतर धुऊन पुसायची. कपड्यावरचा डाग निघत नाही आणि हिराकस पोटात जायला नको, तेव्हा शाई सरांनीच करावी, मुलांना तयार दौत द्यावी.

मूळ शाई कोणती, या प्रश्नाचं उत्तर नुसत्या डोळ्यांनी देता येत नाही. लोहाची शाई नवी असताना काळी असते आणि काळाने तपकिरी होते, बिस्त्र जन्मतःच तपकिरी. अडीचशे वर्षांनी दोन्ही सारख्या दिसतात, म्हणून संग्रहालयं सावधपणे 'तपकिरी शाई' लिहितात. सेपिया म्हणजे माकळी या समुद्री जीवाची शाई. ती वॉशसाठी लोकप्रिय झाली १८ व्या शतकाच्या अखेरीस, त्यामुळे त्याआधीच्या प्रत्येक तपकिरी चित्राला सेपिया म्हणणं चूक. वर्गासाठी बिस्त्र जमलं नाही तर जलरंगातला बर्न्ट अंबर आणि त्यात चिमूटभर काळा, एवढं मिश्रण जवळ जाते. काताचं पाणीही तपकिरी दिसते, पण लालसर झाक येते आणि बाळांची अंगं भाजल्यासारखी वाटतात.

मातीकाम

पहिलवान दिसण्यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

चूक डोक्याच्या मापात आहे. मोठा माणूस सुमारे साडेसात डोकी उंच, वर्ष-दीड वर्षाचं बाळ चार ते साडेचार डोकी. डोकं ४ सेंमी काढलं तर टाचेपर्यंत १७-१८ सेंमी, त्याहून जास्त नाही. शरीराचा मध्य मोठ्या माणसात जांघेपाशी येतो, बाळात बेंबीच्या आसपास. म्हणजे पाय आखूड. हात वर केला तर बोटं टाळूच्या जेमतेम वर जातात. माळ ओढणाऱ्या बाळाचा हात लांब काढला की ते लगेच बारा वर्षांचं दिसते.

चेहऱ्यात डोळे अर्ध्याच्या खाली. वर सगळं कपाळ. नाक, डोळे, ओठ खालच्या लहानशा जागेत गोळा झालेले, हनुवटी मागे, मान जवळजवळ नाही. सगळ्यात मोठी चूक स्नायूंच्या रेघा. बाळाच्या अंगावर स्नायू दिसत नाहीत, घड्या दिसतात : मनगटाला दोरा बांधल्यासारखी एक वळी, मांडीला एक-दोन, कोपराला आणि बोटांच्या सांध्यांना खळ्या. बाहेरची रेघ सलग नको. फुगवट्यावर तुटू द्या, वळीत शिरताना दाबा. सावली एकाच आकाराची, पोटाखालून मांडीवरून गुडघ्यापर्यंत न तोडता गेलेली.

पंख पाठीच्या पात्यापासून निघतात, खांद्याच्या टोकावरून नाही. कोंबडीचा पंख हातात धरून पाहिला की सांधा कळतो. आणि उलटा घसरणारा बाळ आधी सुलटा काढू नका. कागद फिरवायचा नाही, मूळ जसं दिसते तसे रिकाम्या जागांचे आकार टिपायचे. डोकं पुढे आणि पाय मागे असल्याने डोकं आणखी मोठं, पावलं नखाएवढी.

एक सुचवते. नक्कल झाली की दुसरा कागद याच पद्धतीने स्वतःच्या विषयावर घ्या. तान्हा पोळ्याला लाकडी बैल ओढणारी लहान मुलं, दोरीची ओढाताण, एखादं धपकन बसलेलं. रचना तीच, माळेच्या जागी बैलाची दोरी. पंख नकोतच. अजिंठ्यातले गंधर्व पंखांशिवाय उडतात, अंगाच्या वळणावर आणि मागे लोंबणाऱ्या वस्त्रावर. आणि १६ वं लेणं कोरवून घेणारा वराहदेव हा वाशीमच्या, म्हणजे वत्सगुल्मच्या, वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. मुलांना हे नातं जरूर सांगा.

रेषा_दर्यापूर

खूप आभार. बॅटरीच्या पाण्यात शाई फुटली नाही, एकदम एकसारखी राहिली. आता दोनच शंका. हातकागद वापरला तर वॉश टिपकागदासारखा शोषला जातो, त्याला काही करता येते का? आणि जुना दिसावा म्हणून कागद चहाच्या पाण्यात बुडवावा का?

कागद_जतन

चहा नको. मूळ कागद नवा असताना पांढुरका-मलईच होता, आज दिसतो तो तपकिरीपणा वयाचा. चहातलं टॅनिन लोहाच्या शाईला भेटले की रेघेभोवती काळपट वलयं येतात. शिवाय उजेडाची कोरी जागाच मळते, आणि वरती टाक_आणि_दौत यांनी सांगितल्याप्रमाणे सगळा खेळ तिच्यावर आहे. ऑफ-व्हाइट कागद घ्या, पुरे.

हातकागदाचा विचार चांगला आहे. इटालियन कागद चिंध्यांपासून व्हायचे, मुख्यतः अळशीच्या धाग्याच्या (लिनन) कापडाच्या. लाकडाच्या लगद्याचा कागद आला तो १९ व्या शतकात. उजेडासमोर धरला तर तारांच्या साच्याच्या बारीक रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या, साधारण इंच-इंच अंतरावरच्या उभ्या रेघा दिसतात. आपल्याकडे कापसाच्या चिंध्यांचा हातकागद मिळतो. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ पासून जे ग्रामोद्योग रुजवले गेले त्यात हातकागदही होता.

शोषतो कारण त्याला लुकण, म्हणजे शोषण थांबवणारा चिकट थर, कमी असते. एक थेंब पाणी टाकून बघा. अर्धा मिनिट मण्यासारखा बसला तर कागद तयार, लगेच पसरला तर लुकण द्या. एक लिटर आरओच्या पाण्यात २० ग्रॅम जिलेटिन पंधरा मिनिटं फुगवा, मग डबल बॉयलरवर, म्हणजे पातेल्यात पातेलं ठेवून, विरघळेपर्यंत गरम करा. उकळी नको, उकळलं की चिकटपणा मरतो. चिमूटभर तुरटी टाका, जास्त नाही. मिश्रण कोमट असतानाच रुंद ब्रशने एक हात आडवा, उलटवून दुसऱ्या बाजूने एक हात उभा. दोरीवर सावलीत वाळवा, उन्हात कडा वळतात. एका लिटरमध्ये पाव आकाराचे, ३८ × २८ सेंमीचे, २४ कागद निघतात. उरलेलं मिश्रण ठेवू नका, आपल्या उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी वास मारते.

कागद पाटावर चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ किंवा गमटेप घ्या. सेलोटेप लावली तर काढताना लुकणाचा थरच सोलून निघतो.

टाक_आणि_दौत

तासिकांची वाटणी सांगून ठेवतो. पहिली : कोळशाची जुळवणी, उजेडाच्या जागांवर टिंब. दुसरी : पेन. यानंतर रेघ रात्रभर वाळू द्या. हिरड्याची शाई दुसऱ्या दिवशी पाण्याला बरीच टिकते, त्याच दिवशी वॉश लावला तर निळसर-काळी ओघळ येते. थोडी विरघळली तर हरकत नाही, मूळ चित्रातही तसंच आहे. तिसरी : फिकी आणि मधली छटा. मध्ये पूर्ण वाळवायला दहा मिनिटं सोडा, त्या वेळात मुलांनी तुकड्यांवर ढग करावेत. ढगाला बाहेरची रेघ नसते, वरची कड कोरी आणि खालून फिका हात, एवढंच. चौथी : गडद छटा आणि पेनाचे शेवटचे ठोके. ठोके मोजून द्या, एका बाळाला दहाच. मुलं हात थांबवायला शिकतात ती या तासिकेत.

झालेली चित्रं पावसाळ्याआधी नीट ठेवा. लॅमिनेशन नको. प्रत्येक कागदामध्ये साधा पांढरा कागद घालून सपाट फाइलमध्ये, भिंतीपासून आणि जमिनीपासून वर, नाहीतर वाळवी आणि कसर दोन्ही येतात, विशेषतः जिलेटिन आणि खळ लावलेल्या कागदाला. लोहाच्या शाईची चित्रं बिस्त्रच्या चित्रांपासून वेगळ्या फाइलमध्ये, आणि जुलै-ऑगस्टमध्ये उघडीप मिळेल त्या दिवशी एकदा बाहेर काढून सावलीत हवा द्या.